सेंट लुईस: घाट, पूल आणि 1876 ची हद्द

अमेरिकेच्या मिसुरी राज्यातल्या सेंट लुईसला जायचं ठरलं की हवामानाच्या अंदाजाबरोबर आणखी एक आकडा बघावा: सेंट लुईस गेजवरची मिसिसिपीची पातळी. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा ती रोज जाहीर करते. 30 फूट ही पुराची रेषा. पाणी तिच्या आसपास आलं की घाटालगतचा रस्ता, संगमावरची उद्यानं आणि बोटींच्या फेऱ्या यांचा भरवसा धरू नये. गेजचा शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे, त्यामुळे आकडा उणे गेला तरी नदी कोरडी नसते. जानेवारी 1940 मध्ये तो उणे 6.2 होता, 1 ऑगस्ट 1993 ला 49.58. सुमारे 56 फूट वरखाली होणाऱ्या नदीच्या काठी हे शहर बसलंय, आणि इथल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा तिथूनच होतो.

मार्च ते जून पुराचा काळ, जुलै-ऑगस्ट घामाघूम करणारा दमट. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर सर्वांत बरा. शिकागोहून अ‍ॅमट्रॅकची लिंकन सर्व्हिस ही रेल्वे साधारण पाच तासांत पोचवते, मोटारीने जवळपास तितकाच वेळ लागतो. खालच्या पाच दिवसांपैकी पहिल्या आणि शेवटच्या दिवशी गाडी हवीच. मधले दिवस मेट्रोलिंक ही शहरी रेल्वे, बस आणि पायी निभतात, म्हणून हॉटेल डाउनटाउनमध्ये मेट्रोलिंक स्थानकाजवळ घ्यावं. गाडी कुठेही लावली तरी सीटवर काहीही ठेवू नये, रिकामी पिशवीसुद्धा. काच फोडून आत हात घालणारे पिशवीत काय आहे ते आधी तपासत नाहीत.

1900 साली हे देशातलं चौथ्या क्रमांकाचं शहर होतं. 1950 च्या जनगणनेत लोकसंख्या 8,56,796 झाली, 2020 मध्ये ती 3,01,578 वर आली. कारखाने गेले, लोक गेले, असं याचं सरसकट कारण दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. बरीचशी माणसं दहा-पंधरा किलोमीटरच गेली, पण शहराने 1876 मध्ये स्वतः आखून घेतलेल्या रेषेपलीकडे. त्या रेषेपर्यंत चौथ्या दिवशी पोचू. आधी नदी.

पहिला दिवस: लॉक, संगम आणि काहोकिया

सकाळी लवकर निघून इलिनॉयमधल्या ऑल्टनला जावं, अंतर सुमारे 40 किमी. तिथे मेल्विन प्राइस लॉक (बोटींना पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारं दरवाज्यांचं कुंड) आणि धरण आहे, आणि त्याला लागूनच नॅशनल ग्रेट रिव्हर्स म्युझियम. संग्रहालयातून लॉकवर माहितीफेऱ्या निघतात. वेळा आदल्या दिवशी विचाराव्यात आणि ओळखपत्र जवळ ठेवावं.

इथे घाई करू नये. एक बार्ज, म्हणजे माल वाहणारी सपाट नाव, 195 फूट लांब, 35 फूट रुंद, आणि तिच्यात साधारण 1500 टन माल. तीन रांगा, प्रत्येक रांगेत पाच, अशा 15 बार्ज पोलादी दोरांनी एकमेकींना आवळून बांधतात आणि मागून टोबोट त्यांना ढकलते. नावात ‘टो’ असला तरी ओढणं नाही, ढकलणंच. हा तांडा 105 फूट रुंद आणि टोबोट सोडून 975 फूट लांब होतो. मुख्य लॉक 110 बाय 1200 फूट, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम अडीच-अडीच फूट. वरच्या मिसिसिपीवरची बहुतेक लॉक 600 फुटांची आहेत. तिथे तांडा तोडून दोन खेपांत न्यावा लागतो आणि अर्ध्या-पाऊण तासाचं काम दीड-दोन तासांवर जातं. शेतमालाच्या हंगामात रांग लागते ती याच कारणाने.

खाली ग्रॅनाइट सिटीजवळ लॉक 27 आहे. ते 1953 साली चेन ऑफ रॉक्स कालव्यावर बांधलं, कारण नदीत तिथे खडकाचे आडवे कंगोरे आहेत. त्याच्यानंतर थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत एकही लॉक नाही. म्हणून सेंट लुईसच्या खाली एक टोबोट 30-40 बार्ज नेते आणि वर फक्त 15. बंदरात दिवसभर बार्ज सोडणं-जोडणं चालतं ते यामुळे. वाफेच्या बोटींच्या काळातही हेच होतं: न्यू ऑर्लिन्सहून येणाऱ्या मोठ्या बोटींना वरचं उथळ पाणी झेपत नसे, माल इथे उतरवून लहान बोटींत चढवावा लागे. जिथे माल हात बदलतो तिथे हमाल, गोदाम, अडत्या, विमा आणि सावकार आपोआप येतात. शहर वाढलं ते या बदलीवर.

ऑल्टनहून परतताना हार्टफर्डला संगम मनोरा लागतो. त्याला 50, 100 आणि 150 फुटांवर सज्जे आहेत. मधला पुरतो, पण मिसुरी नदीचं गढूळ पाणी मिसिसिपीत शिरताना दिसणारा रंगांचा सांधा सर्वांत वरून स्पष्ट दिसतो. दुपारी सूर्य समोर येतो, म्हणून इथे बाराच्या आत यावं. जवळच्याच तळावरून 14 मे 1804 रोजी पश्चिमेचा शोध घ्यायला निघालेली लुईस आणि क्लार्कची मोहीम मिसुरी नदीत शिरली. मिसुरी राज्याच्या बाजूला अगदी टोकापर्यंत जाणारं उद्यान आहे, पण त्याचा रस्ता पुरात वारंवार बंद होतो.

इथे एक प्रश्न पडायला हवा: दोन महानद्यांच्या नेमक्या संगमावर शहर का नाही? डिसेंबर 1763 मध्ये न्यू ऑर्लिन्सचा फ्रेंच व्यापारी पिएर लाक्लीद जागा शोधत आला तेव्हा संगमाची जमीन त्याला सखल आणि चिखलाची दिसली. तिथून नदीमार्गाने सुमारे 15 मैल खाली पश्चिम काठावर चुनखडीचा कडा होता, पुरापासून उंच, आणि एका ठिकाणी पाण्यापर्यंत उतरता येईल असा. फेब्रुवारी 1764 मध्ये त्याच्या जेमतेम तेरा-चौदा वर्षांच्या मदतनिसाच्या, ऑग्यूस्त शूतोच्या, हाताखाली पहिली झाडतोड सुरू झाली. ही निवड किती शहाणपणाची होती ते शेजाऱ्यांकडे बघून कळतं. खालच्या अंगाचं सेंट जेनेव्हिव्ह हे फ्रेंच गाव 1785 च्या पुरानंतर उठवून उंचावर न्यावं लागलं.

संध्याकाळच्या आत कॉलिन्सव्हिलजवळचं काहोकिया गाठावं. लाक्लीदच्या सहाशे-सातशे वर्षं आधी याच खोऱ्यात मूळ अमेरिकन लोकांचं मोठं नगर होतं. त्याचा भर साधारण इ. स. 1050 ते 1200, वस्तीचे अंदाज दहा ते वीस हजार. मंक्स माउंड ही त्यांची टेकडी सुमारे 30 मीटर उंच आहे, पायथा 14 एकरांचा, आणि सगळी माती टोपल्यांनी वाहून आणलेली. वर जायला जिना आहे, तासभर पुरतो, सावली अजिबात नाही. उतारावर कुठे कुठे माती खचल्याचे व्रण दिसतात. चिकणमातीचे थर पाणी धरून ठेवतात आणि निचरा बिघडला की बाजू घसरते. नाव ट्रॅपिस्ट साधूंवरून पडलं. ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे शेती करत, टेकडी त्यांची नव्हे. काहोकिया 1982 पासून जागतिक वारसा यादीत आहे. माहिती केंद्राचं नूतनीकरण बराच काळ चाललं, म्हणून ते उघडं आहे का ते पाहून जावं. टेकड्यांचा परिसर मोकळा असतो.

दुसरा दिवस: घाट, कमान, पूल

हा दिवस पूर्ण पायी. सुरुवात ईड्स पुलाखालच्या दगडी घाटापासून. घाट म्हणजे पायऱ्या नव्हेत, पाण्यात उतरत जाणारा फरसबंद उतार. पन्नास फूट वरखाली होणाऱ्या नदीला पक्का धक्का बांधून उपयोग नसतो. बोट जिथे पाणी असेल तिथे उताराला नाक लावून उभी राहायची. दगडांत रोवलेल्या जुन्या लोखंडी कड्या अजून सापडतात. पाणी नुकतंच ओसरलं असेल तर दगडांवर गाळाचा बुळबुळीत थर असतो, चपला घालून उतरू नये.

पहिली वाफेची बोट इथे 1817 मध्ये लागली. 1840 मध्ये वस्ती 16,469 होती, 1860 मध्ये 1,60,773. वीस वर्षांत जवळपास दसपट. पण हे बंदर 1830 च्या दशकातच बुजलं असतं. नदीचा मुख्य प्रवाह इलिनॉयच्या काठाकडे सरकत होता आणि घाटासमोर वाळूचे दांडे वाढत होते. 1837 मध्ये लष्कराचा एक तरुण अभियंता आला, रॉबर्ट ई. ली, हो, पुढे यादवी युद्धातला तोच सेनापती. ब्लडी आयलंड या नदीतल्या बेटापासून दगड-लाकडाचे बांध घालून त्याने प्रवाह शहराकडे वळवला आणि नदीकडूनच वाळू उपसून घेतली. आज नदीभर दिसणारे आडवे दगडी बांध याच युक्तीचे वंशज: पात्र अरुंद करायचं, वेग वाढवायचा, 9 फूट खोलीचा मार्ग नदीनेच खरवडून ठेवायचा. या बांधांमुळे पूर उंच चढतो असं काही संशोधक म्हणतात, लष्कराचा अभियंता विभाग ते नाकारतो. वाद जुना आहे आणि संपलेला नाही.

17 मे 1849 च्या रात्री व्हाइट क्लाउड ही बोट पेटली. दोर जळाले आणि जळत्या बोटी वाऱ्यासोबत घाटाला घासत एकमेकींना पेटवत गेल्या. 23 बोटी आणि 430 च्या आसपास इमारती गेल्या. आगीपुढे मोकळी पट्टी करण्यासाठी सुरुंगाच्या दारूने घरं उडवताना अग्निशामक कप्तान थॉमस टार्गी मारला गेला. नवं बांधकाम विटांचं-दगडांचंच, हा नियम त्यानंतरचा. उद्याच्या दिवसाचा पाया तो.

आता कमान. गेटवे आर्च 630 फूट उंच आणि पायाशी तितकीच रुंद, आडवं छेदलं तर समभुज त्रिकोण: तळाशी 54 फूट बाजू, माथ्याशी 17. वर जायच्या ट्रामची तिकिटं आधी ऑनलाइन घ्यावीत, वीकएंडला ती ऐनवेळी मिळत नाहीत. विमानतळासारखी तपासणी असते, त्यासाठी अर्धा तास हाताशी ठेवावा. ट्राममध्ये आठ डबे, प्रत्येकात पाच जागा, दार चार फूट उंच. कपडे धुण्याच्या यंत्राच्या ड्रममध्ये पाच माणसं बसवावीत तसं ते प्रकरण आहे. चढायला 4 मिनिटं, उतरायला 3. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी खालच्या प्रतिकृतीत आधी बसून पाहावं. वरच्या खिडक्या 7 बाय 27 इंचांच्या आहेत आणि त्या मुद्दाम तशा: कमानीच्या सांगाडा नसलेल्या भिंतींना मोठी भोकं परवडत नाहीत, पोलादी कातडंच सगळा भार घेतं.

वास्तुकार एरो सारिननने 1948 मध्ये कमानीच्या आराखड्याची स्पर्धा जिंकली आणि 1961 मध्ये, काम सुरू होण्याआधी, तो वारला. दोन पाय वेगवेगळे चढवत 28 ऑक्टोबर 1965 ला शेवटचा तुकडा बसवला. त्या दिवशी अडचण उन्हाची होती: तापल्यामुळे दक्षिणेकडचा पाय प्रसरण पावला होता, म्हणून अग्निशामक बंबांनी त्याच्यावर पाणी मारत राहावं लागलं. संग्रहालयात याची फीत दाखवतात. तिथे सांगितली जाते त्याहून वाईट गोष्ट जागेची आहे. 1935 मध्ये जमिनीच्या खर्चासाठी रोख्यांवर मतदान झालं, त्यातली बनवाबनवी नंतर वर्तमानपत्राने उघडकीला आणली, तरी 1939 पासून इमारतींचे चाळीसेक ब्लॉक पाडले गेले. लाक्लीदच्या मूळ तीन रस्त्यांची जागा, बिडाच्या दर्शनी भागांची गोदामं, सगळं. पुढे वीस वर्षं तिथे गाड्या लावत. देशाच्या पश्चिमेकडच्या विस्ताराचं स्मारक करायला शहराचं जन्मस्थानच साफ केलं गेलं. 1834 चं जुनं कॅथेड्रल तेवढं वाचलं, ते दहा मिनिटांत पाहून होतं.

पश्चिमेला सरळ चालत गेलं की जुनं न्यायालय. ड्रेड स्कॉट आणि त्याची पत्नी हॅरिएट यांनी गुलामीतून मुक्ततेसाठी केलेले दावे इथे 1847 आणि 1850 मध्ये चालले. 1850 मध्ये ते जिंकले, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरले, आणि मार्च 1857 मध्ये वॉशिंग्टनमधल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्यांच्याविरुद्ध दिलेल्या निकालाने देश युद्धाच्या आणखी जवळ गेला. इथे दीड तास ठेवावा, कमानीपेक्षा थोडा जास्तच.

दुपारनंतर ईड्स पूल. आधी तो इतका उशिरा का झाला ते पाहू. मिसिसिपीवरचा पहिला रेल्वेपूल 1856 मध्ये रॉक आयलंडला झाला, शिकागोच्या वाटेवर. सेंट लुईसच्या समोर पूर्वेकडून आलेली रेल्वे मात्र काठाशी थांबायची आणि माल फेरीबोटींनी ओलांडायचा. विगिन्स फेरी कंपनीची मक्तेदारी त्यावर गबर झाली होती. हिवाळ्यात नदीत बर्फ अडकलं की सगळं ठप्प. बोटवाल्यांच्या या शहराने पुलाची निकड मान्य करीपर्यंत शिकागोने पश्चिमेची शेतं रुळांनी बांधून घेतली होती.

जेम्स ईड्सने याआधी पूल बांधलेला नव्हता. तो बुडालेल्या बोटींतला माल काढणारा माणूस, पाणघंटेत बसून नदीच्या तळावर फिरलेला. पुरात तळाची वाळूच वाहते हे त्याने प्रत्यक्ष पाहिलं होतं, म्हणून खांब थेट खडकावरच हवेत हा त्याचा हट्ट. पूर्वेकडच्या खांबासाठी पाण्याखाली 90 फुटांहून जास्त खोल जावं लागलं. खाली उघडी, वर बंद अशी लोखंडी पेटी तळावर टेकवायची, आत दाबाने हवा भरून पाणी बाहेर ठेवायचं, कामगारांनी आतून वाळू काढायची आणि वर दगडकाम चढवत पेटी खाली बसवायची. दाबातून माणूस झटकन बाहेर आला की रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. हे तेव्हा ठाऊक नव्हतं. डझनाहून अधिक कामगार मेले, अनेक लुळे पडले. डॉक्टर अल्फोन्स जॅमिने स्वतः खाली जाऊन आला आणि त्यालाही झटका बसला, त्यानंतर खोलीनुसार पाळ्या छोट्या केल्या.

मधली कमान 520 फूट, बाजूच्या दोन 502. पोलादाच्या नळ्या दोन्हीकडून हवेत पुढे सरकवत जोडल्या, कारण खाली बोटींचा मार्ग अडवणारा लाकडी आधार चालणार नव्हता. सप्टेंबर 1873 मध्ये शेवटचा सांधा बसेना, उष्म्याने पोलाद लांबलं होतं. बर्फ लावून पाहिला, पुरला नाही. शेवटी ईड्सने अशाच वेळेसाठी आखून ठेवलेल्या स्क्रूच्या जोडनळ्यांनी सांधा जुळवला. 92 वर्षांनी हाकेच्या अंतरावर दुसऱ्या कमानीला हाच ताप झाला. 4 जुलै 1874 ला पूल उघडला, आणि मालक कंपनी लवकरच दिवाळखोरीत गेली, कारण फेरीच्या सवयीचे रेल्वेवाले पुरेसा माल पुलावर आणीनात.

वरच्या मजल्यावरून पादचारी मार्गाने इलिनॉयला जावं, तिथल्या माल्कम मार्टिन उद्यानातून सूर्यास्ताआधी शहर समोर दिसतं. परतताना ईस्ट रिव्हरफ्रंट स्थानकातून मेट्रोलिंक घ्यावी. ती खालच्या मजल्यावरून, 1874 च्याच रेल्वेमार्गाने धावते आणि पुढे डाउनटाउनखालच्या त्याच काळच्या बोगद्यात शिरते.

तिसरा दिवस: दक्षिणेकडची वीट

सुलार्ड मार्केट बुधवार ते शनिवारच असतं, दिवसांची आखणी त्याप्रमाणे करावी. आजची इमारत 1929 ची. शनिवारी सकाळी नऊच्या आत गेलं तर भाजी चांगली, दुपारी स्वस्त.

आसपासच्या गल्ल्यांत विटा बघत दोन तास जातात. शहराच्या पोटातच मातीचे उत्तम थर, आणि त्याच्या जवळ कोळसा. हायड्रॉलिक प्रेस ब्रिक कंपनी जवळजवळ कोरडी माती यंत्राने दाबून वीट पाडायची, त्यामुळे धारा इतक्या सरळ की सांधा कागदाएवढा बारीक राहतो. समोरची भिंत अशा महाग विटांची आणि मागची साध्या, हे कोपऱ्यावर उभं राहिलं की दिसतं. द हिल भागातले इटालियन लोक मुळात मातीच्या खाणींत कामाला आले. या विटेचा एक कडू उपयोगही झाला: उत्तरेकडची ओस घरं चोरांनी विटांसाठी पेटवली. लाकूड जळतं, बंबाच्या पाण्याने जुना चुना सैल होतो आणि वीट अख्खी निघते. मग ती दक्षिणेकडच्या राज्यांत विकायची.

जर्मन लोक आले तेव्हा त्यांना लागर बिअरसाठी महिनोन्महिने थंडावा हवा होता. तो चुनखडीच्या गुहांनी आणि हिवाळ्यात नदीतून कापलेल्या बर्फाने दिला. अ‍ॅडॉल्फस बुशने पाश्चरीकरण आणि बर्फाचे रेल्वे डबे वापरून बिअर गावाबाहेर टिकवली. बडवायझर 1876 चं. गुहेची गरज संपली ती यांत्रिक शीतकरणाने. कारखाना बघण्याच्या फेऱ्या असतात, चव घ्यायची तर पासपोर्ट लागतो. 2008 मध्ये कंपनी बेल्जियमच्या इनबेव्हने सुमारे 52 अब्ज डॉलरला घेतली.

इथली खास गंमत म्हणजे प्रोव्हेल या प्रक्रिया केलेल्या चीजचा पातळ पिझ्झा, चौकोनी कापलेला, आवडेलच असं नाही. तळलेल्या ‘टोस्टेड रॅव्हिओली’त बहुधा बीफ असतं, शाकाहारींनी आणि बीफ न खाणाऱ्यांनी विचारूनच मागवावी. फ्रोझन कस्टर्डमध्ये अंड्याचा बलक असतो.

चौथा दिवस: तळं, जत्रा आणि रेषा

युनियन स्टेशन सकाळी. ते ज्या खोलगट जागेत आहे तिथे एकेकाळी शूतोचं तळं होतं, गिरणीसाठी बांध घालून केलेलं. सांडपाणी त्यात सोडलं गेलं, 1849 च्या कॉलऱ्यात शहराचा जवळपास दहावा हिस्सा गेला, तळ्यावर ठपका आला आणि ते उपसून टाकलं. रिकाम्या तळात रेल्वे बसली. 1894 चं हे स्थानक शेवटाशी बंद, म्हणून गाड्या पुढे जाऊन उलट्या आत येत. 1978 नंतर इथून गाडी सुटली नाही. आता हॉटेल आणि मत्स्यालय आहे, दालनाची कमानदार छत बघायला पैसे लागत नाहीत. आसपासच्या मिल क्रीक व्हॅलीतून 1959 पासून सुमारे 20,000 लोकांना, बहुतेक कृष्णवर्णीयांना, उठवण्यात आलं.

तिथून मेट्रोलिंकने फॉरेस्ट पार्क, सुमारे 1300 एकर. 1904 चा जागतिक मेळा इथे भरला, 30 एप्रिल ते 1 डिसेंबर. त्याच वर्षीचं ऑलिम्पिकही शेजारच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मैदानावर. कारंज्यांना स्वच्छ पाणी हवं म्हणून शहराने ऐन वेळी नदीच्या पाण्यात चुना आणि फेरस सल्फेट घालून गाळ बसवण्याची रीत सुरू केली, तोवर नळाला चहाच्या रंगाचं पाणी यायचं. त्याआधी 1900 मध्ये शिकागोने नदी उलटी फिरवून आपलं सांडपाणी मिसिसिपीकडे सोडलं होतं. मिसुरी राज्याने दावा लावला आणि 1906 मध्ये हरलं: नुकसान सिद्ध झालं नाही, आणि वरच्या अंगाची मिसुरीची गावंही तेच करत होती. मेळ्यात भारताच्या चहाचा प्रचार रिचर्ड ब्लेचिंडेन करत होता. उकाड्यात गरम चहा खपेना म्हणून त्याने बर्फ घातला. आइस टी त्याने शोधला नाही, तो आधीही होता, पण गाजला इथून. फिलिपिनो माणसांना मात्र ‘गाव’ करून प्रदर्शनात मांडलं होतं, आणि ते इतिहास संग्रहालयात पाहायला हवं. मेळ्याची उरलेली पक्की इमारत म्हणजे कला संग्रहालय. तिथे आणि प्राणिसंग्रहालयात प्रवेश फुकट.

फुकट का, याचं उत्तर पार्कच्या पश्चिमेला स्किंकर रस्त्याच्या पलीकडे मिळतं. शहराची हद्द तिथेच संपते. 1876 पर्यंत सेंट लुईस हे सेंट लुईस काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, भाग होतं. काउंटीच्या रस्त्यांचा खर्च आपण का उचलायचा, दुहेरी कारभार कशाला, असा शहराचा हिशेब होता. 22 ऑगस्टला मतदान झालं, आधी ठराव पडला, फेरमोजणीत जिंकला. जाताना शहराने हद्द 18 चौरस मैलांवरून 61 वर नेली, तेव्हा निर्जन असलेला हा पार्कही आत घेतला, आणि हद्द कायमची गोठवली. काउंटीत तेव्हा 30,000 च्या आसपास माणसं, शेतकरीच. घोड्याच्या ट्रामच्या काळात 61 चौरस मैल कधी भरतील असं कुणाला वाटलं नाही. मोटार आली आणि भरले. इतर शहरं उपनगरं गिळत मोठी होत गेली, याला ती सोय उरली नव्हती. 2020 मध्ये काउंटीत 10,04,125 माणसं होती, 80 हून अधिक स्वतंत्र नगरपालिकांत आणि त्यांच्याबाहेरच्या भागात विखुरलेली. 1926, 1962 आणि इतर वेळचे एकीकरणाचे प्रयत्न मतदानात पडले, 2019 चा तर मतदानाआधीच मागे घेतला. शहर आपल्या हद्दीत काम करणाऱ्यांकडून 1 टक्का मिळकत कर घेतं तो या अडचणीतूनच. संग्रहालयांसाठी मात्र 1971 मध्ये शहर आणि काउंटीने एकत्र करजिल्हा केला. फुकट प्रवेश त्याचा.

पाचवा दिवस: उत्तर

सकाळ बेलफाउंटन आणि कॅल्व्हरी या लगतच्या दफनभूमींत. पहिलीत विल्यम क्लार्क, ईड्स आणि बुश, दुसरीत ड्रेड स्कॉट. त्याच्या दगडावर लोक पेनी ठेवतात, लिंकनचं चित्र वर करून. पुढे लॅबडी अ‍ॅव्हेन्यूवरचं 4600 क्रमांकाचं घर: ‘कृष्णवर्णीयांना विकणार नाही’ असल्या करारांना न्यायालयाने बळ देऊ नये, हा 1948 चा निकाल याच घराचा. ते खासगी आहे, रस्त्यावरूनच पाहावं. 16 मे 2025 च्या टोर्नेडोने या बाजूच्या वस्त्यांचं मोठं नुकसान केलं. ताडपत्र्या आणि उघडी छपरं हे पर्यटनाचं दृश्य नव्हे, गाडी थांबवून फोटो काढू नयेत.

प्रुइट-आयगो या सरकारी घरांच्या वसाहतीची जागा जाता जाता. 33 इमारती, प्रत्येकी 11 मजले, 2870 घरं, 1950 च्या दशकाच्या मध्यात पूर्ण, 1972 ते 1976 मध्ये पाडलेली. आराखडा मिनोरू यामासाकीचा. लिफ्ट पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावरच थांबे, बाकीच्यांनी जिने वापरायचे, आणि जिन्यांतच लुटालूट होई. पण खरी गोची पैशांची: बांधायला केंद्राचा निधी, देखभाल मात्र भाड्यातून. शहर रिकामं होत गेलं, भाडेकरू घटले, भाडी वाढली, दुरुस्ती थांबली. वास्तुशैलीला शिव्या देणं सोपं जातं, कारण जमाखर्च कुणी वाचत नाही.

उरलेल्या वेळात जुना चेन ऑफ रॉक्स पूल, 1929 चा, आता पादचारी आणि सायकलींसाठी. मध्येच तो वळतो, कारण सरळ पुलाचे खांब आणि नदीतले पाणी घेणारे दोन मनोरे यांतून बोटी काढणं धोक्याचं, अशी बोटवाल्यांची तक्रार होती. हे दगडी मनोरे पुलावरून दिसतात, शहराचं पाणी अजून याच बाजूने येतं.

इथून विमानतळ अर्ध्या तासावर. गाडी परत करायची नसेल तर डाउनटाउनहून मेट्रोलिंकची रेड लाइन थेट टर्मिनलपर्यंत येते. टर्मिनल 1 ची काँक्रीट कवचांची इमारत 1956 ची आणि तीही यामासाकीचीच, तपासणीआधी वरच्या मजल्यावरून नीट दिसते. विमानतळाची मालकी सेंट लुईस शहराकडे आहे, जमीन मात्र काउंटीत, 1876 च्या रेषेच्या बाहेर.